रस्त्यावरची कॉर्व्हेट मिठावर पळवायची आहे : आधी इंजिन की आधी पिंजरा?

गिरणाकाठ
रामराम मंडळी. चाळीसगावला माझं गॅरेज आहे, त्यामुळे नात्यात कुणी गाडीचा आरसा बदलला तरी आधी मला फोन येतो. या वेळचं प्रकरण जरा मोठं आहे. भाचा अमेरिकेत सॉल्ट लेक सिटीला नोकरीला आहे. त्याने १९९९ची सेकंडहँड कॉर्व्हेट, म्हणजे शेव्हरोलेची स्पोर्ट्स कार (सी-५ म्हणजे पाचवी पिढी, सहा गिअर, मॅन्युअल) घेतली. रोज ऑफिसला तीच नेतो. आता डोक्यात भरलंय की तिथून दीड-पावणेदोन तासांवर असलेल्या बोनव्हिलच्या मिठाच्या मैदानावर ती पळवायची. आणि पळवायची म्हणजे ताशी २०० मैल, ३२२ किलोमीटर. ताईची झोप उडाली आहे. दाजी म्हणतात, तुमचं ऐकतो तो, तुम्हीच समजवा.

त्याचा बेत असा : आधी टर्बो (इंजिनात जादा हवा कोंबून ताकद वाढवणारा पंखा), बाकीचं नंतर. माझं मत उलटं आहे. पहिल्या वर्षी इंजिनाला पाना लावायचाच नाही. पैसा घालायचा तो पिंजरा (गाडी उलटली तर आतला माणूस वाचावा म्हणून बसवायची लोखंडी नळ्यांची चौकट), सीटचे पट्टे, टायर आणि आग विझवायच्या सामानात. आणि आकडा २०० नाही, १५० धरायचा. पण मी गाडी तापीच्या वाळूत घातली आहे, मिठात नाही. कुणाचा अनुभव असेल, वाचन असेल तर लिहा. तो इथे वाचत असतो, तेव्हा जरा सांभाळून.

रावेरची_केळी
रुमाल टाकून ठेवतो. सवडीने लिहीन.

धुळेकर_बापू
लय भारी शे भो! पण एवढं लांब कशाला? आपलं लोणार आहे की. खारं ते खारंच.

कोन_स्पर्शिका
बापू, लोणार हे उल्केने पाडलेलं विवर आहे. उतरताना वेग मिळेल यात शंका नाही, पण ब्रेक म्हणून समोर तळं आहे.

फिरस्ता_नंदुरबार
विनोद बाजूला ठेवू. कच्छच्या रणाचा विचार कुणी केला का? नंदुरबारहून गुजरात काय, उंबऱ्यापलीकडे. पांढरं रण फोटोत अगदी बोनव्हिलसारखं दिसतं.

रावेरची_केळी
दिसतं, पण ते फोटोतच. मी डिसेंबरात तिथे गेलो होतो. वरचा मिठाचा पापुद्रा पातळ असतो आणि खाली चिखल. पावसाळ्यात सगळं पाण्याखाली जातं, मग हळूहळू सुकतं. आमच्यासमोर एका पर्यटकाची गाडी वाट सोडून जेमतेम शंभर पावलं गेली आणि पुढची चाकं रुतली. ओढायला ट्रॅक्टर आला तोही जपूनच. शिवाय छोट्या रणात रानगाढवांचं अभयारण्य, मोठ्या रणात पुढे सरहद्द. परवानगी मागायला गेलात तर तुमचीच चौकशी लागायची.

परदेशी_पाचोरा
हा धागा माझ्यासाठीच निघाला म्हणायचा. मी युटात, म्हणजे सॉल्ट लेक सिटीच्याच राज्यात, बरीच वर्षं काढली आणि एका हौशी टीमबरोबर बोनव्हिलच्या ऑगस्टमधल्या शर्यतींना, स्पीड वीकला, पाना-पक्कड द्यायला जात असे. म्हणून थोडं लांबलचक लिहितो.

पहिली गोष्ट, २०० या आकड्याची. भाचेबुवांना वाटत असेल की २०० गाठले की तिथल्या प्रसिद्ध '२०० माईल्स क्लब'ची लाल टोपी मिळते. तशी मिळत नाही. त्या क्लबात जायला आपल्या वर्गातला विक्रम मोडावा लागतो, आणि तोही २००च्या वरचा. सदर्न कॅलिफोर्निया टायमिंग असोसिएशन, म्हणजे एससीटीए, १९४९पासून स्पीड वीक भरवते. इंजिनाचा आकार, बॉडी, इंधन यांवरून त्यांनी ढीगभर वर्ग पाडले आहेत. विक्रमापेक्षा जास्त वेग निघाला की गाडी जप्त केल्यासारखी एका आवारात ठेवतात. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा पळवायची आणि दोन्हींची सरासरी धरायची. बक्षिसाची रक्कम शून्य.

रस्त्यावरच्या गाडीसाठी दुसरा दरवाजा आहे. युटा सॉल्ट फ्लॅट्स रेसिंग असोसिएशन सप्टेंबरात 'वर्ल्ड ऑफ स्पीड' भरवते. तिथे १३० आणि १५० मैलांचे क्लब आहेत, म्हणजे अनुक्रमे २०९ आणि २४१ किमी. १३०ला गाडी बरीचशी आहे तशी चालते. १५०ला सुरक्षेचं सामान वाढतं. नेमकी यादी त्या-त्या वर्षाच्या नियमपुस्तकात असते, यूट्यूबवरच्या मित्राकडून घेऊ नये.

टर्बोदादा
सगळे एकदम आजोबांसारखे बोलायला लागले. अहो, बोनव्हिल समुद्रसपाटीपासून जवळपास १,३०० मीटरवर आहे. हवा विरळ. साध्या इंजिनाचा तिथे दम निघतो, टर्बो ती कसर भरून काढतो. मुलगा बरोबर बोलतोय. मुळात कॉर्व्हेट घेऊन १५० मैल? तेवढं तर समृद्धीवर...

गिरणाकाठ
दादा, समृद्धीचं वाक्य पुरं करू नका. ताई पण वाचते.

कोन_स्पर्शिका
टर्बोदादा, अर्धं बरोबर. हवा विरळ झाली की इंजिनाची ताकद घटते, पण समोरून अडवणारी हवाही तेवढ्याच प्रमाणात घटते. म्हणजे हवेच्या बाबतीत फिटंफाट. न घटणारी गोष्ट मीठ. चाकाखालचा विरोध आणि चाकाचं घसरणं उंचीवर कमी होत नाही, आणि त्याला टर्बोचा उपयोग नाही.

आता हिशेब बघा. सी-५च्या पाचव्या गिअरचं गुणोत्तर ०.७४, मागच्या डिफरन्शियलचं ३.४२, गुणाकार २.५३, म्हणजे चाकाच्या एका फेऱ्याला इंजिनाचे २.५३ फेरे. मागचा टायर २७५/४०-१८, घेर २.१३ मीटर. या ३४५ हॉर्सपॉवरच्या इंजिनाची पूर्ण ताकद ५,६०० आरपीएमला (मिनिटाला फेरे) येते. तिथे वेग निघतो ताशी २८२ किमी, म्हणजे १७५ मैल. कंपनी साधारण हाच कमाल वेग सांगते, म्हणजे गिअर त्यांनी विचार करूनच ठेवलेत. सहावा गिअर ०.५०, तो पेट्रोल वाचवायला आहे, मिठावर त्याचं काही काम नाही. मिठावर चाक दहा टक्के घसरलं असं धरा. काट्यावर १७५ दिसेल, गाडी प्रत्यक्षात १५८ने जात असेल. म्हणजे इंजिनाला हात न लावता १५० आवाक्यात आहे.

२०० का नाही? हवेला कापायला लागणारी ताकद वेगाच्या घनाने वाढते. १५०वरून २००, वेग एक-तृतीयांशाने वाढला, ताकद २.३७ पट लागते. ती टर्बोने येईलही, पण मिठावर टेकवणार कशी?

भुसावळ_शेड
शेवटचं वाक्य वाचून लिहायला बसलो. मी भुसावळहून मालगाड्या चालवत निवृत्त झालो. कॉर्व्हेट फोटोतच बघितली आहे, पण चाक घसरणं म्हणजे काय ते विचारा मला.

लोखंडी चाक, लोखंडी रूळ. इंजिनात हजारो हॉर्सपॉवर असली तरी रुळाने पकडलं तेवढीच तुमची. सगळ्यात वाईट वेळ म्हणजे पहिल्या पावसाची भुरभुर. रुळावरचं तेल-धूळ भिजते आणि साबण होतो. धो धो पावसात उलट बरं, धुऊन जातं. चाक जागेवर फिरायला लागलं की नवा माणूस नॉच (इंजिनाच्या ताकदीची पायरी) वाढवतो, कारण त्याला वाटतं गाडी ओढत नाहीये. जुना माणूस नॉच खाली आणतो, चाक पुन्हा पकडू देतो, पकड यावी म्हणून रुळावर वाळू सोडतो आणि मग एकेक नॉच वर जातो. घाईने वर गेलात की पुन्हा पहिल्यापासून.

आणखी एक. घसरणाऱ्या चाकाची ताकद एकदम काढून घेणं हेही तितकंच वाईट. झटका बसतो. मालगाडीत कपलिंग तुटेल, तुमच्या भाच्याच्या गाडीत मागचा भाग पुढे येईल. म्हणून त्याला सांगा, पाय दाबताना हळू आणि काढतानाही हळू.

मिठावर वाळू सोडता येते का हो?

परदेशी_पाचोरा
नाही काका, ट्रॅकवर एक नट पडला तरी शर्यत थांबवून शोधतात. पण तुमचं बाकी सगळं तंतोतंत लागू. तिथले जुने लोक हेच सांगतात : जोर नको, लांबी वापर. छोटा ट्रॅक ३ मैलांचा, मोठा ५ मैलांचा. आणि संपल्यावर ब्रेक दाबायचा नाही. पाय हलकेच काढायचा, गाडी हवेने आणि मिठाने आपोआप मंदावते. जास्त वेगाच्या गाड्यांना पॅराशूट लागतं ते याचसाठी. कडेला वळून ट्रॅकबाहेर जातानाही सावकाश.

अमळनेरचा_आप्पा
मग वजन टाका! आमच्या काळ्या रानात नांगरताना ट्रॅक्टरची मागची चाकं जागेवर फिरायला लागली तर कुणी मोठं इंजिन आणत नाही. मागच्या टायरात पाणी भरतो, वर बिडाच्या चकत्या लावतो. झाला ट्रॅक्टर जड, धरली जमीन.

टर्बोदादा
आप्पा, रेसिंग कार हलकी करतात. सीट काढतात, काचा काढतात. आणि तुम्ही पाणी भरायला निघालात. हसून हसून पुरेवाट.

परदेशी_पाचोरा
हसू नका, आप्पा शंभर टक्के बरोबर आहेत. मिठावर गाड्या मुद्दाम जड करतात. शिसं किंवा लोखंडी पट्ट्या, मागच्या एक्सलच्या आसपास. अंतर भरपूर असल्यामुळे जड गाडी उशिरा वेग घेते याचं काही बिघडत नाही, चाक पकडतं हे महत्त्वाचं. कोपऱ्यांच्या ट्रॅकवरचं ज्ञान इथे उलटं पडतं. फक्त ते वजन बोल्टने चेसिसला घट्ट हवं. वाळूची पोती टाकून चालत नाही, तपासनीस ती तुम्हालाच उचलून बाहेर ठेवायला लावेल.

अमळनेरचा_आप्पा
टर्बोदादा, भरीत पार्टीला या एकदा. वांगी आमची, लाज तुमची.

टर्बोदादा
येतो. कळण्याची भाकरी असेल तर माफीही मागतो.

धुळेकर_बापू
भरिताचा विषय निघालाच आहे तर वांगं काट्यांवर भाजलेलं का तुरीच्या काड्यांवर?

रावेरची_केळी
बापू, त्याला वेगळा धागा काढा, नाहीतर इथे मारामारी होईल. तुरीच्या काड्यांवर. विषय संपला.

गिरणाकाठ
विषय संपला नाही पण माझ्या विषयावर या. पिंजऱ्याबद्दल मला एक गोष्ट कळली ती लिहितो, कुणाच्या उपयोगी पडेल. या सी-५ची बॉडी फायबरची, हे माहीत होतं. पण फ्लोअर? भाच्याला गाडीखाली शिरून फोटो पाठवायला सांगितलं, मग शोधाशोध केली. फ्लोअर म्हणजे दोन थरांच्या मध्ये बाल्साचं लाकूड! पतंगाच्या कामाइतकं हलकं लाकूड. म्हणजे पिंजऱ्याचे पाय आपण नेहमीच्या गाडीत पत्र्यावर प्लेट ठेवून वेल्ड करतो तसं इथे करून भागणारच नाही. पाय दोन्ही बाजूंच्या लोखंडी फ्रेम-रेलपर्यंत, म्हणजे सांगाड्याच्या लांब तुळयांपर्यंत, न्यावे लागतील. भाचा ज्या दुकानात पिंजऱ्याचा भाव काढून आला, त्यांनी फ्लोअरला बोल्ट मारून देतो म्हणून सांगितलं होतं. गाडी उलटली तर तो पिंजरा लाकूड फाडून खाली जाईल. मी त्याला म्हटलं, भाव परत दे, माणूस बदल.

परदेशी_पाचोरा
मामा, तुम्ही धागा काढायच्या आधीच अर्धं काम केलंत. याच रेलबद्दल पुढची सूचना : त्या आतून पोकळ असतात. मीठ शिरलं की आतून खातं आणि बाहेर दिसत नाही. पळवून आल्यावर गाडी नुसती प्रेशरने धुऊन चालत नाही. चाकांच्या कमानीत मीठ ओलं असताना थापलं जातं आणि वाळलं की ठोकून काढावं लागतं. जुने लोक बागेतला पाण्याचा स्प्रिंकलर गाडीखाली ठेवून रात्रभर चालू सोडतात, मग गाडी पुढे सरकवून पुन्हा.

धुळेकर_बापू
गाडीखाली तुषार सिंचन! आणि जळगावकर अजून गप्प?

कोन_स्पर्शिका
जळगावकर बोलतो : रेलच्या आत ठिबक टाका, प्रत्येक भोकाला एक ड्रीपर. अनुदान मिळतं का ते तालुक्याला विचारतो.

तापी_पूर्णा_संगम
मूक वाचक होते, आता राहवलं नाही. मुलगा गाड्यांचा नादी असल्यामुळे घरात हे सगळं कानावर पडतं. आईच्या बाजूने विचारते. आग लागली तर काय? दार उघडत नसेल तर? तुम्ही सगळे गिअरचा गुणाकार करताय.

परदेशी_पाचोरा
ताई, बरोबर जागी बोट ठेवलंत. तिथे तपासणीला हाच भाग सगळ्यात कडक. हेल्मेट मोटर रेसिंगच्या प्रमाणपत्राचं, 'एसए'चं लागतं. मोटरसायकलचं चालत नाही, कारण त्याचं अस्तर आगीच्या दृष्टीने तपासलेलं नसतं. वेगाच्या वर्गाप्रमाणे आग न पकडणारा सूट, हातमोजे, बूट. पाच किंवा जास्त टोकांचे पट्टे. खिडकीला जाळी, हात बाहेर फेकले जाऊ नयेत म्हणून दंडाचे पट्टे. बाहेरून बंद करता येईल असा बॅटरीचा खटका. आणि सगळं अंगावर चढवून, पट्टे बांधून, कुणाच्या मदतीशिवाय गाडीतून बाहेर येऊन दाखवावं लागतं. घरी डोळे मिटून सराव करायचा, कारण धुरात खटके दिसत नसतात.

नवीन माणसाला थेट मोठा वेग देतही नाहीत. वेगाचं लायसन पायरीपायरीने मिळतं. आधी कमी वेगाची फेरी सरळ आणि शांत करून दाखवा, मग पुढची. त्यामुळे टर्बो लावला तरी पहिल्या दिवशी २०० शक्यच नाही, दाजींना एवढं सांगितलं तरी झोप लागेल.

एक बारीकसारीक गोष्ट. टायरच्या व्हॉल्व्हला धातूची टोपी हवी. रबरी व्हॉल्व्ह त्या वेगात बाहेरच्या बाजूला वाकतो आणि हवा सोडू शकतो. टायर जुने नकोत, आणि वेगाचं अक्षर बघून घ्या. 'वाय' म्हणजे ३०० किमीपर्यंत.

रावेरची_केळी
डॅशबोर्डवरचा गणपती चालतो का?

परदेशी_पाचोरा
सुटी वस्तू एकही नाही. पायाखालचं मॅटसुद्धा काढायला लावतात. गणपती स्क्रूने बसवला तर कदाचित.

फिरस्ता_नंदुरबार
अवांतर : आमच्या सारंगखेड्याच्या घोडेबाजारात घोडा घेताना जाणकार आधी पळवून बघत नाही. उभा करतो, खूर उचलतो, दात बघतो. पळण्याचा नंबर शेवटी.

टर्बोदादा
बरं बरं, मी एकटा पडलोय हे कळलं. पण एक सांगा, वेगाचं वेड असलेली माणसं अशी यादी घेऊन बसली असती तर न्यूझीलंडच्या त्या बर्ट मन्रोने १९२०ची इंडियन मोटरसायकल घरच्या शेडमध्ये ठोकून-ठाकून १९६७ला बोनव्हिलला विक्रम केला असता का? १८३ मैल! वय वर्षं ६८!

भुसावळ_शेड
मग त्यांनी कितीतरी वर्षं एकाच इंजिनावर काम केलं, हेही लिहा की. भाच्याला गाडी घेऊन वर्ष तरी झालं का?

टर्बोदादा
काका, निरुत्तर.

शिरपूर_घाटमाथा
कुणीच कसं म्हटलं नाही? आपल्या नाकासमोर पिथमपूर आहे. धुळ्याहून शिरपूर, सेंधवा करत इंदूरच्या बाजूला जा. तिथे नॅट्रॅक्सचा ११.३ किलोमीटरचा हायस्पीड ट्रॅक २०२१मध्ये सुरू झाला. मुख्यतः कंपन्यांच्या चाचणीसाठी आहे, मनात आलं म्हणून कुणी जाऊन पळवेल असं नाही. पण मोठा वेग इथे होत नाही हे आता जुनं झालं. मीठ नाही, गंज नाही.

कोन_स्पर्शिका
+१. पण डांबरावरचा आकडा मिठावरच्या आकड्याशी लावता येत नाही, पकडीचं महत्त्व वर काकांनी सांगितलंच आहे.

मीठभाकर
नमस्कार सगळ्यांना. मीच तो भाचा. मामांनी सांभाळून लिहा म्हटलं होतं, तुम्ही कसं सांभाळलंत ते वाचलं. :)

दोन गोष्टी. मागच्या शनिवारी मी नुसता बघायला मैदानावर गेलो. कुठल्याही शर्यतीशिवाय. पाय ठेवला तर ओल्या साखरेसारखं कुरकुरतं, काही ठिकाणी घट्ट, काही ठिकाणी टाच आत जाते. मीठ पूर्वीपेक्षा पातळ झालंय असं तिथे सगळे सांगतात. २०१४ आणि २०१५ला मैदानाच्या अवस्थेमुळे स्पीड वीक रद्दच झाला होता. म्हणजे मी टर्बोवर सगळे पैसे घातले आणि पाऊस पडला, तर हातात टर्बो घेऊन बसायचं. हे डोक्यात आलं नव्हतं.

दुसरं, ऊन. मी भुसावळला वाढलो, ४५ डिग्रीचं कौतुक मला कुणी सांगू नये. पण इथे ऊन खालून येतं. हनुवटीखालची आणि नाकाच्या आतली बाजू भाजली. टोपीचा काही उपयोग नाही.

तर सध्याचं असं : टर्बो बाजूला. पिंजरा फ्रेम-रेलला वेल्ड करणारा दुसरा माणूस मिळाला. सप्टेंबरात आधी १३०. १५० पुढच्या वर्षी. आप्पा, वजन किती टाकू?

अमळनेरचा_आप्पा
पोरा, आधी रिकामी पळव. चाक फिरतंय का नाही ते बघ, मग टाक. रान बघितल्याशिवाय पाणी कुणी भरत नाही.

परदेशी_पाचोरा
आणि काटा बघून फिरणं कळणार नाही, स्पीडोमीटर चाकाचा वेग सांगतो, गाडीचा नाही. जीपीएस लाव आणि दोन्हींतला फरक टिपून ठेव. इथे टाकलास तर कोन_स्पर्शिका हिशेब करून देतील.

कोन_स्पर्शिका
देतो. आरपीएम, गिअर आणि जीपीएसचा वेग, एवढं पुरे.

धुळेकर_बापू
आणि मिठाचा भाव?

तापी_पूर्णा_संगम
मीठभाकर, आईला फोन केलास का?

मीठभाकर
केला ताई. म्हणाली, १३० म्हणजे किलोमीटर ना? मी हो म्हणालो.

गिरणाकाठ
मी काही वाचलं नाही. पण ताई वाचते हे विसरू नकोस. पट्टे घेतलेस का?

मीठभाकर
एकाकडे जुने आहेत, अर्ध्या किमतीत देतोय. दिसायला एकदम नवे.

परदेशी_पाचोरा
नको. पट्ट्याला शिवलेल्या चिठ्ठीवर तारीख असते, ठराविक मुदतीपलीकडचे तपासणीत नाकारतात, कोरे दिसले तरी. कापड उन्हाने आतून कमजोर होतं. नवे घे, आणि ती चिठ्ठी कापू नकोस.